परमुलखातील खाते आणि घरचा हिशेब
द्वितीय वर्ष, कला

आपल्या ढोकीच्या जवळचे तेर हे गाव संत गोरोबाकाकांमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. हेच तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील ग्रंथात तगराचे नाव येते. तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे परमुलखाशी देवघेव ही आपल्या भागाला काही नवलाईची गोष्ट नाही. फरक इतकाच की, त्या काळी माल बाहेर जात असे. आज माणसे बाहेर जातात आणि त्यांच्या श्रमाचा पैसा घरी येतो. तो पैसा घरी पोचेपर्यंत वाटेत किती झिजतो आणि ती झीज मोजावी कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. माझा थोरला भाऊ आय.टी.आय.मध्ये वेल्डरचे काम शिकला आणि दोन वर्षांपूर्वी दुबईला गेला. त्याला धाडण्यासाठी घरावर शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाचे कर्ज झाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आणि माझी फी, आईचे औषधपाणी व शेताचे बी-बियाणे हे सारे दादाच्या पैशांवर चालते. पहिला पगार होताच त्याने आईच्या खात्यावर पैसे पाठविले. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. खात्यावर काही जमा होईना. पेरणी तोंडावर आलेली. शेवटी आईने ओळखीच्या एकाकडून दहा हजार रुपये शेकडा तीनने उचलले.

पुढे कळले की, आईचे खाते अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले ‘छोटे खाते’ होते. खातेदाराची ओळख पूर्णपणे पटल्याशिवाय अशा खात्यावर परदेशातून आलेली रक्कम जमा करता येत नाही. खाते उघडताना हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. पैसे परत दुबईला गेले आणि जाता-येता त्यांना कात्री लागली ती वेगळीच. त्यातच दादाच्या इकडच्या जुन्या खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापल्याचे संदेश येऊ लागले. आईने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “एवढी कालेजात जातीस, मग ह्यात काय लिवलंय ते तरी सांग की.”

मला सांगता आले नाही. ‘विनिमय दर’ या प्रश्नाचे दहा गुणांचे उत्तर मला तोंडपाठ होते. पण घरातल्या संदेशाचा अर्थ लागत नव्हता. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाची खरोखर लाज वाटली. मग मी पासबुक, दादाच्या पावत्या आणि एक दोनशे पानी वही घेऊन बसले. त्या वहीतून जे हाती लागले, तेच येथे मांडीत आहे.

हाली आणि कलदार

आजी सांगते, तिच्या सासऱ्यांच्या काळी बार्शीच्या बाजारात जाणे हेही परमुलखात जाणेच होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी इंग्रजी अमलाखाली. संस्थानाचा रुपया ‘हाली’, तर इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपयांना सुमारे सहा कलदार असा हिशेब असे. अदलाबदल करणारा त्यात आपला बट्टा ठेवून घेई. घरून सत्तर रुपये बांधून निघालेल्या माणसाजवळ बार्शीत साठसुद्धा भरत नसत. साठ भरत नसत ही खरी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सत्तराचे साठ होणे ही नाण्याची किंमत होती. साठाला जे कमी पडे, तो बट्टा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आजही लोक त्यांची गल्लत करतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो, तरी हाली रुपया लगोलग गेला नाही. तो पुरता बाद होण्यास १९५९ साल उजाडले. गंमत अशी की, नेमक्या त्याच १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी वेगळ्या रंगाच्या खास रुपयाच्या नोटा काढल्या. कारण त्या मुलखात तोवर आपलाच रुपया चालत असे! कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले आणि दुबईच्या बाजूला १९६६ पर्यंत रुपया चालला. म्हणजे एके काळी ढोकीच्या माणसाला बार्शीत बट्टा द्यावा लागे आणि मुंबईच्या माणसाला दुबईत द्यावा लागत नसे. तात्पर्य, बट्टा हा अंतराचा नसतो, नाणे बदलण्याचा असतो. आणि जो बदलून देतो, तो फुकट बदलून देत नाही.

पट्टी वाचावी तशी

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सोयाबीनची वा तुरीची पट्टी आलेली आहे. वडील पट्टी हाती घेतात, तेव्हा ते केवळ भाव पाहत नाहीत. हमाली किती, तोलाई किती, वजनात घट किती धरली, हे सारे पाहून शेवटी ‘हातात काय पडले’ हे पाहतात. बँकेच्या बाबतीत मात्र हाच शहाणा माणूस ‘खात्याला फी नाही’ एवढ्या एका वाक्यावर समाधान मानतो. खात्याचीही पट्टी असते, ती आपण मागत नाही इतकेच.

ही पट्टी मांडताना खर्चाचे चार कप्पे करावेत. पहिला, खाते नुसते ठेवण्याचा खर्च : महिन्याची फी किंवा किमान शिल्लक नसल्याचा दंड. दुसरा, खाते वापरण्याचा खर्च : कार्ड, संदेश, एटीएम. तिसरा, पैसे पाठविण्याची फी. आणि चौथा, दरातील फरक. पहिले तीन कप्पे पावतीवर आकड्याने दिसतात. चौथा दिसत नाही. कारण तो ‘आजचा दर’ या शब्दांत मुरलेला असतो. बाजारात एका दिरहमला २४ रुपये मिळत असताना तुम्हांला २३ रुपये ४० पैसे दिले, तर साठ पैसे कोठे गेले, हे कोणतीही पावती सांगत नाही.

फी नाही म्हणजे फुकट नाही

दादापुढे पैसे पाठविण्याची दोन ठिकाणे होती. आकडे सोपे करून सांगते. बाजाराचा दर २४ रुपये धरू. पहिल्या ठिकाणी करासह २० दिरहम फी आणि दर २३ रुपये ९० पैसे. दुसऱ्या ठिकाणी फी काही नाही, पण दर २३ रुपये ४० पैसे. सांगा, स्वस्त कोणते?

माझ्या वर्गातील मैत्रिणींना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा निम्म्या जणींनी पहिले सांगितले, निम्म्या जणींनी दुसरे. वास्तविक या प्रश्नाला उत्तरच नाही. किती पाठवायचे हे ठरेपर्यंत. ५०० दिरहम पाठविले, तर पहिल्या ठिकाणाहून ११,४७२ रुपये घरी येतात आणि दुसऱ्याहून ११,७००. म्हणजे बिनफीचे ठिकाण २२८ रुपयांनी बरे. १,००० दिरहमला २३,४२२ आणि २३,४००, जवळजवळ सारखेच. पण ३,००० दिरहम पाठविले, तर ७१,२२२ आणि ७०,२००; बिनफीचे ठिकाण तब्बल १,०२२ रुपयांनी महाग पडते. या दोहोंचा काटा ९५६ दिरहमला बरोबरीवर येतो. त्याखाली एक स्वस्त, त्यावर दुसरे स्वस्त. फी ही रकमेनुसार वाढत नाही, दरातला फरक मात्र रकमेबरोबर वाढत जातो. सारे गणित एवढेच आहे.

मग मी हुशारीने दादाला कळविले की, दरमहा १,००० पाठविण्याऐवजी तीन महिन्यांचे ३,००० एकदम पाठव. पहिल्या ठिकाणाहून वर्षाला २,८१,०६४ रुपयांऐवजी २,८४,८८८ येतील. ३,८२४ रुपये वाचतील. वहीत हा आकडा मी लाल शाईने लिहिला. आई शेजारी बसून तूर निवडीत होती. ती म्हणाली, “आन् मधले दोन म्हैने काय खायाचं?” मी उत्तर दिले नाही, पण पुन्हा आकडे मांडले. मधल्या दोन महिन्यांसाठी दर खेपेला दहा हजार रुपये शेकडा तीनने उचलावे लागले, तर व्याज सहाशे. वर्षात चार वेळा म्हणजे २,४००. वाचलेल्या ३,८२४ मधून हे वजा जाता उरतात १,४२४ रुपये आणि सावकाराच्या दारात चार खेपा. शेवटी आम्ही दोन महिन्यांनी २,००० दिरहम असे ठरविले. त्यातील निम्मे आई दुसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवते. वर्षाला २,८६८ रुपये वाचतात आणि कोणाच्या दारात जावे लागत नाही. बँकेचा हिशेब घरच्या हिशेबापासून तोडून मांडता येत नाही, हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकाने नव्हे, आईने शिकविले.

किमान शिल्लक नावाचे कुलूप

संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून ‘वेतन संरक्षण पद्धती’ लागू झाली. पगार रोख हातावर न ठेवता बँक किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत द्यावा, असा तिचा आशय. त्यामुळे कामगारांना बहुधा पगाराचे कार्ड मिळते. दादाच्या खोलीतील एकाने त्याला सुचविले, “कार्ड कसले वापरतोस? बँकेत स्वतःचे खाते काढ.” दादाने मला विचारले.

तिकडच्या अनेक बँकांत ३,००० दिरहम किमान शिल्लक ठेवावी लागते. न ठेवल्यास महिन्याला २५ दिरहम आकारले जातात. त्यावर २०१८ पासून पाच टक्के कर. म्हणजे वर्षाला ३१५ दिरहम. आपल्या २४ च्या हिशेबाने ७,५६० रुपये. तेव्हा कोणीही म्हणेल, शिल्लक ठेवावी आणि दंड वाचवावा. पण ३,००० दिरहम म्हणजे ७२,००० रुपये. इकडे घरावर शेकडा दोनचे कर्ज उभे आहे. ते ७२,००० रुपये कर्जात भरले असते, तर महिन्याला १,४४० आणि वर्षाला १७,२८० रुपये व्याज वाचले असते. शिल्लक आपलीच राहते हे खरे. पण ती कुलपात राहते आणि त्या कुलपाचे भाडे आपण दुसरीकडे भरतो. ७,५६० चा दंड चुकविण्यासाठी १७,२८० चे व्याज भरणे, हा कोणता शहाणपणा? दादाने कार्डावरच भागविले. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, ज्याला तिकडे घरभाडे व चेकबुक लागते, त्याचे उत्तर वेगळे येईल. आणि ते त्याच्यापुरते बरोबरच असेल.

इकडच्या खात्याचे काय?

परदेशी नोकरीस गेलेला माणूस तिकडच्या खात्याची चौकशी करतो, इकडचे खाते मात्र विसरतो. आमचेही तसेच झाले. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ साली झाला आणि २००० मध्ये अमलात आला. त्यान्वये नोकरीसाठी परदेशी राहावयास गेलेल्याने आपल्या बँकेस तसे कळवावयाचे असते आणि त्याचे साधे बचत खाते एन.आर.ओ., म्हणजे अनिवासी साधारण खाते होते. इकडचे भाडे, शेतीचे पैसे असे इथले उत्पन्न त्यात ठेवता येते. मात्र त्यावरील व्याजातून तीस टक्के कर व त्यावरील उपकर आधीच कापला जातो. दुसरे एन.आर.ई., म्हणजे अनिवासी बाह्य खाते. त्यात परदेशातील कमाई रुपयांत ठेवतात. व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे केव्हाही परत बाहेर नेता येतात. पण अशा खात्यांनाही बँकेनुसार किमान शिल्लक असते. ज्याचा सगळा पैसा दर खेपेला घरखर्चातच जातो, त्याने करमाफीच्या मोहाने आणखी एक कुलूप का लावून घ्यावे?

आमच्यासारख्या घराला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आईचे स्वतःचे मूलभूत बचत खाते, पूर्ण कागदपत्रांसह. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यास किमान शिल्लक नाही आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे विनामूल्य. आम्ही आईची कागदपत्रे पूर्ण केली आणि तेव्हापासून एकही रक्कम परत गेलेली नाही.

दंडाविषयीही नियम आहेत, ते माहीत असावेत. १ एप्रिल २०१५ पासून बँकेने किमान शिल्लक कमी झाल्याचे खातेदारास आधी कळवावे, भरून काढण्यास महिन्याची मुदत द्यावी, दंड हा जितकी रक्कम कमी तितक्या प्रमाणात असावा, आणि केवळ दंडापायी खाते उणे होऊ नये, असे बंधन आहे. दादाचे खाते उणे दाखविले होते. आम्ही साध्या कागदावर मराठीत अर्ज केला आणि ती उणे रक्कम रद्द झाली. अर्ज मी लिहिला होता. आमच्या घरातून बँकेला गेलेला तो पहिला लेखी कागद.

आणखी एक सावधगिरी. ‘फी नाही, दरही चढा, पैसे घरपोच’ असे सांगणारे लोक तिकडे भेटतात. हा हवाला. तो बेकायदेशीर आहे, त्याची पावती नसते, आणि पैसे बुडाले तर दाद मागावयास जागा नसते. ज्याची पावती नाही, त्याची तुलनाच करू नये.

जग काय करते

हा प्रश्न एकट्या ढोकीचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठविलेल्या पैशांपैकी सुमारे एकपंचमांश महाराष्ट्रात आला, आणि देशाचा विचार करता सुमारे १९ टक्के रक्कम एकट्या संयुक्त अरब अमिरातीतून आली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जी उद्दिष्टे ठरविली, त्यांत असे पैसे पाठविण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणावा, असे एक आहे. जागतिक सरासरी अद्याप सहा टक्क्यांच्या वर आहे. शंभर रुपये श्रमाचे, त्यांतले सहा वाटेचे!

युरोपीय संघाने २०१४ साली एक शहाणा कायदा केला. प्रत्येक बँकेने आपल्या खात्याच्या फीचे पत्रक ठरावीक नमुन्यात आणि ठरावीक शब्दांत द्यावे, सर्व खात्यांची तुलना एके ठिकाणी पाहता यावी, आणि कायदेशीर रहिवाशास साधे खाते मिळण्याचा हक्क असावा. यातील मर्म ‘ठरावीक शब्दांत’ यात आहे. एक बँक ज्याला ‘सेवाशुल्क’ म्हणते, त्याला दुसरी ‘देखभाल आकार’ म्हणते; शब्द निराळे असले की सामान्य माणूस तुलना सोडून देतो. आपल्या बँकांनाही आपले दर शाखेत आणि संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. ते वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

समारोप

असो. लेख लांबला. सांगावयाचे ते एवढेच की, ‘सर्वांत स्वस्त खाते कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. महिन्याला किती पैसे येतात, किती वेळा पाठवावे लागतात, किती रक्कम कुलपात ठेवणे परवडते आणि घरी चूल कशावर पेटते, ही चार उत्तरे आधी लिहावीत. मग प्रत्येक ठिकाणाची वर्षाची पट्टी मांडावी आणि शेवटची ओळ पाहावी. दोन पट्ट्या, एक वही आणि एक संध्याकाळ, एवढेच त्यास लागते. बेरीज-वजाबाकी-गुणाकारापलीकडचे गणित त्यात नाही.

आपल्या महाविद्यालयात अशा घरांतून आलेले पुष्कळ जण असतील, ज्यांचा भाऊ, काका वा मामा आखातात आहे. पुष्कळांच्या घरी त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत न वाचताच पडून असतील. ज्यांना त्या समजत नसतील, त्यांनी त्या घेऊन यावे. दुपारच्या सुट्टीत मी ग्रंथालयात असते, आपण मिळून वाचू. आमच्याकडे आता पैसे आले की आई मोबाईल माझ्यापुढे धरीत नाही. आकडा तिला वाचता येतो. ती फक्त विचारते, “किती धाडलं हुतं, आन् हातात किती पडलं?” मला वाटते, या विषयावर विचारण्याजोगा खरा प्रश्न तोच आहे.